तापल्यावर खोकणारी गाडी

लातूरचा रस्ता विद्येकडे जातो, असं आम्हा नांदेडकरांचं ठाम मत आहे. चाकूरच्या अलीकडे तो एका गॅरेजातही जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारी एकला माझ्या मुलीची, रमाची, लातूरच्या एका क्लासची प्रवेशपरीक्षा होती. उशिरा येणाऱ्यास आत घेणार नाही, असं पत्रकात ठळक छापलेलं. वडिलांची जुनी मोटार सकाळी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. लोह्यापर्यंत झकास. मग इंजिन तापलं आणि गाडी खोकायला लागली. मागे काळा धूर.

अहमदपूरला सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा फोडणीचा पदार्थ) खाताना हॉटेलवाल्यानं निदान केलं, "पेट्रोलचा पंप तापलाय. ओलं फडकं टाका."

टाकलं. फडकं वाळलं, खोकला राहिला.

"बाबा, एसटीनं गेलो असतो," रमा घड्याळ बघत म्हणाली.

साडेअकराला गाडी एका पत्र्याच्या शेडसमोर बंदच पडली. तिथले मेकॅनिक रशीदभाई त्र्याण्णवच्या भूकंपापासून स्लॅबखाली काम करत नाहीत. त्यांनी एक प्लग काढून माझ्यापुढे धरला. नुसती काजळी.

"पेट्रोल जास्ती पिऊन राहिली. पंपाला कशाला आंघोळ घातली?"

"लोक म्हणाले."

"लोकांचं काय जातंय, साहेब."

त्यांनी एअर फिल्टर काढला. चोकची झडप (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवून पेट्रोल वाढवणारी पाकळी; एरवी ती उघडी हवी) अर्धी मिटलेली होती. तिचा दांडा लाल नाड्यानं शेजारच्या नळीला करकचून बांधलेला.

"ह्ये कुणी बांधलं?"

बायकोनं. सकाळी गाडीची पूजा करताना, पेपर चांगला जावा म्हणून. तेव्हा चोक ओढलेलाच होता. बॉनेट मी धरलं होतं आणि अंधश्रद्धेवर बोलतही होतो.

मी पक्कड पुढे केली. रशीदभाईंनी मान हलवली, नखांनी गाठ सोडवली आणि नाडा आतल्या आरशाला बांधला. "तोडायचा न्हाई. हितं कुणाला तरास न्हाई."

प्लग पुसून इंजिन सुरू केलं, थोडं तापू दिलं आणि त्यावर चहाचा भरलेला पेला ठेवला. चहा थरथरला, सांडला नाही.

"जा बेटा, पेपर सोडव."

एकला दहा कमी असताना रमा फाटकातून आत गेली. मी तिथेच पायरीवर बसलो आणि सकाळपासून पहिल्यांदा पाय लांब केले.

परतताना गाडी शहाण्यासारखी चालत होती. आपण प्रेमानं कुठं कुठं काय बांधून ठेवतो, यावर मी रमाशी गंभीरपणे बोलणार होतो. पण ती झोपली होती.

आठवड्यानं निकाल लागला. परीक्षेला बसलेल्या सगळ्यांची निवड झाली होती. न बसलेल्यांसाठी रविवारी पुन्हा परीक्षा होती.