रेंजच्या अलीकडे

जळगावच्या एका खासगी दवाखान्यात तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागे, सर्व्हरची खोली होती. खिडकी नाही. एसी कायम चालू, आणि पंख्यांची घरघर अशी की आत बोलायचं तर आवाज चढवावा लागे. मे महिन्यात बाहेर जळगाव भट्टीसारखं तापायचं आणि बादल पावरा आत स्वेटर घालून बसलेला असायचा. जेवायला कॅन्टीनमध्ये आला की लोक त्याच्या स्वेटरकडे बघून हसायचे. तोही हसायचा.

बादल चोपड्याच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. तो आश्रमशाळेत असतानाच वडील गेले. आई गुंताबाईने पावसाच्या भरवशावर ज्वारी पेरून, मोहाची फुलं आणि डिंक वेचून, पडेल ती मजुरी करून त्याला चोपड्याच्या कॉलेजपर्यंत पोहोचवलं. दवाखान्यात लागला तेव्हा काम साधं होतं. प्रिंटरमध्ये कागद भरायचे, काउंटरवरचा अडकलेला कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, निघालेली वायर खोचायची.

त्यातून त्याला उचललं पंडित सरांनी. पंडित चौधरी मूळचे धरणगावचे. हा दवाखाना आणि त्याची धुळ्याची शाखा, दोन्हीकडचे सर्व्हर ते एकटे बघत. पेशंटच्या नोंदी, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांचा साठा, सगळं त्या यंत्रांवर. एके दिवशी त्यांनी वापरातून काढलेला एक सर्व्हर बादलसमोर टेबलावर ठेवला.

"हा मोड," ते म्हणाले.

"मोडू?"

"मोडल्याशिवाय शिकशील कसा? भ्याऊ नको. बठ्ठं परत उभं करता येस." सर मोकळं बोलू लागले की अहिराणीवर येत, आणि मग सगळ्याला बठ्ठं म्हणत.

बादलने तो कितीदा मोडला आणि उभा केला. डिस्क मुद्दाम गच्च भरवून यंत्र कसं अडतं ते पाहिलं. चालू यंत्रातून एक डिस्क उपसून काढली आणि दुसरी एकटी गाडा कसा ओढते तेही पाहिलं. बॅकअप नुसता घेऊन चालत नाही, तो परत चढवून बघावा लागतो, हे सरांनी त्याच्याकडून इतक्यांदा करून घेतलं की हात आपोआप चालू लागले. यंत्राला काय होतंय ते यंत्र स्वतःच लॉगमध्ये लिहीत असतं. आधी ते वाचायचं, मग हात लावायचा. सर चुकलं तरी ओरडत नसत. इतकी माया करून आजवर कुणी शिकवलं नव्हतं. सरांना आपल्यात काय दिसलं असेल, या विचाराने बादलला कधी कधी भरून यायचं.

पुढच्या दिवाळीत सर पहिल्यांदाच सुट्टीवर गेले. बादलने सगळं नीट सांभाळलं. सर परतले ते राजीनामा घेऊनच. पुण्याला नोकरी मिळाली होती.

"इतक्या वर्षांत एका लग्नात धड जेवलो नाही रे," ते म्हणाले. "पंगतीत बसलो की फोन यायचा." मग ज्या फोनवर दोन्ही दवाखान्यांतून बोलावणं यायचं तो त्यांनी बादलच्या हातात ठेवला. "आते तू बठ्ठं समाळशी."

त्या दिवशी बादलला अभिमान वाटला. सरांनी एवढ्या मायेने का शिकवलं, हे पुढे हळूहळू लक्षात येत गेलं. राग आला नाही, पण आपल्या हाती फोन देऊन सर सुटले, हे मनातून गेलं नाही.

त्याच्या गावाची अडचण अशी की चोपड्याहून जीप वर निघाली की आश्रमशाळेपर्यंत रेंज असते. पुढे घाट चढला की फोन मुका होतो, आणि पाडा त्याच्याही पलीकडे. दवाखान्याचे मॅनेजर महाजन नाना स्वभावाने वाईट नव्हते. "जा ना गावाला, कोण नाही म्हणतं?" ते म्हणायचे. "फक्त फोन लागला पाहिजे." दुसरा माणूस मागितला तर म्हणायचे, "तू आहेस की!"

मग बादल आश्रमशाळेपर्यंतच जाऊ लागला. तिथल्या चहाच्या टपरीवर बसायचा आणि गुंताबाई डोंगर उतरून त्याला भेटायला यायची.

"घरी चल," ती पावरी बोलीत म्हणायची.

"इथवरच येता येतं, माय."

"कोण अडवतं?"

बादल रस्त्याकडे बघायचा. तिथे अडवणारं कुणीच नव्हतं. मग तो खिशातला फोन काढून रेंज आहे ना ते बघायचा.

दवाखान्यात नोंदणीच्या काउंटरवर शीतल नावाची मुलगी होती, नशिराबादहून रोज यायची. तिने दोनदा विचारलं, "सर, मला शिकवाल का हे सर्व्हरचं?" बादलने दोन्ही वेळा टाळलं. एकदा वेळ नाही म्हणाला, एकदा नुसताच हसला.

मोहाचा हंगाम सुरू झाला आणि निरोप आला की गुंताबाई ओढ्यातल्या दगडांवरून घसरून पडली, पाय मोडला. बादल नानांकडे गेला. "आईला आणायला चाललोय. फोन लागणार नाही," एवढंच म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता निघाला.

पाड्यावरच्या लोकांनी झोळी करून तिला घाटाखाली आणलं. जीप आश्रमशाळेजवळ आली आणि खिशातला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. धुळ्याला सगळं बंद पडलं होतं. पेशंटची रांग फाटकाबाहेर गेली होती. नानांना दुसरं कुणी न सुचल्याने त्यांनी शीतललाच जळगावच्या सर्व्हरच्या खोलीत बसवलं होतं; धुळ्याचं यंत्रही तिथूनच चालवता येई.

"सर, पडद्यावर काय काय लिहून येतंय, मला काही कळत नाही," ती रडकुंडीला आली होती.

"वाचून दाखव. एकेक अक्षर."

डिस्क भरली होती. आईचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन, खड्डा आला की तो हाताने उचलून धरत, बादल शीतलला फोनवर अक्षरं सांगत राहिला. मध्ये मोकळी जागा सोड. आता तिरकी रेघ. आता थांब, एंटर दाबू नको, काय लिहिलंस ते आधी वाच. जुने लॉग एकेक करून निघाले, डिस्कवर जागा झाली. धुळं चालू झालं तेव्हा जीप चोपड्यात शिरत होती. गुंताबाईने त्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला.

पायाला प्लास्टर घालून बादलने तिला जळगावात, पिंप्राळ्यातल्या आपल्या खोलीवरच ठेवलं. आता गावाला जायची ओढच उरणार नाही, असं त्याला वाटलं. माय इथे आहे, फोन इथे आहे. पण गुंताबाईचे दिवस जाईनात. शेजारणींची भाषा तिला पुरती कळायची नाही. दार उघडलं की समोर भिंत. प्लास्टर निघालं आणि थोड्या दिवसांनी बादल जेवायला खोलीवर आला, तर अंथरूण घडी करून ठेवलेलं, भाकरी झाकून ठेवलेली आणि माय नाही. शेजारच्या बाईने सांगितलं, "सकाळीच चोपड्याच्या गाडीत बसली. तिला तिकडेच बरं वाटतं म्हणाली."

बादलला आधी हायसंच वाटलं, आता एक फोनच सांभाळायचा. मग त्याला त्याची शरम वाटली. तो तसाच दवाखान्यात गेला आणि शीतलला म्हणाला, "शिकायचंय अजून?"

"हो."

"तर आधी ऐक. तू शिकलीस की मला गावाला जाता येईल. म्हणून शिकवतोय. मी नसलो की हा फोन तुझ्याकडे, आणि मग तुला कुठे जाता येणार नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं."

"काउंटरवर तरी मी कुठे मोकळी आहे, सर? दिवसभर नाव काय, वय काय. शिकवा."

पावसाळा सरेपर्यंत ती तयार झाली. नानांनी ठरवून दिलं की दोघांपैकी एकाचा फोन कायम लागला पाहिजे. महिन्यातून एक शनिवार-रविवार बादलला मिळाला.

पहिल्या शनिवारी तो घाट चढून घरी गेला. गुंताबाईने चुलीवर भाकरी टाकल्या, सुकी मासळी भाजली. दुपारी तो अंगणात बाजेवर आडवा झाला. वारा होता, कुठेच कसली घरघर नव्हती. त्याला झोप येईना. धुळ्याचा बॅकअप पूर्ण झाला असेल का? शीतलने लॉग वाचला असेल का? फोन वाजला असता तर निदान कळलं तरी असतं.

"नीज ना," माय म्हणाली.

"निजतो."

रविवारी संध्याकाळच्या जीपने परतायचं ठरलं होतं. पण सकाळी मायने पीठ मळायला घेतलं, तेव्हा बादल चपला घालून, स्वतःचा मुका फोन हातात घेऊन उभा होता.

"एवढ्यात?"

"जरा आश्रमशाळेपर्यंत जाऊन येतो," तो म्हणाला आणि घाटाकडे चालू लागला.