आमच्या साडूंची मधली डोलकाठी

छापील अक्षरावर आमच्या साडूंइतका विश्वास ठेवणारा माणूस आजवर झाला नाही आणि पुढे होण्याचीही शक्यता दिसत नाही, कारण तेवढा विश्वास खुद्द छापणाऱ्यांनाही परवडत नसावा. औषधाच्या बाटलीवर 'वापरण्यापूर्वी हलवा' असं छापलेलं असलं की हे ती बाटली अशी काही हलवत, की बघता बघता पेशंट आपलं दुखणं विसरे. घरात कुकर आला तेव्हा त्याच्याबरोबरचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झाल्याशिवाय त्यांनी त्यात वरण लावू दिलं नाही. पुस्तक चार भाषांत होतं. न येणाऱ्या तीन भाषांच्या पानांवरूनही त्यांनी तितक्याच सावकाशीनं नजर फिरवली. आक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, त्या दिवशी शेवटी चुलीवरच्या पातेल्यात वरण लावून मोकळ्या झाल्या.

पालमला त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईकाला ज्वारीच्या बियाण्याची पिशवी देण्याआधी तिच्या पाठीवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा, हा त्यांचा शिरस्ता. पेरणीचे दिवस, गाडीला जुंपलेले बैल रस्त्यात उभे, आणि हे 'थंड व कोरड्या जागी ठेवावे'पाशी आलेले. "मालक, बी द्या, पोथी नगं," असं म्हणून गिऱ्हाईक बेजार होई. "छापलेलं हाय की! कुनी उगंच छापतंय व्हय?" असं म्हणून साडू उरलेला मजकूर वाचत. तरी गिऱ्हाईक तुटत नसे, कारण वाचन लांबलं की साडू स्वतःच्या पैशानं चहा मागवत.

पिंगळीच्या एका लग्नातली त्यांची कामगिरी तर आमच्या नात्यात अजून सांगितली जाते. पत्रिकेत मुहूर्त अकरा वाजून पस्तीस मिनिटांचा छापला होता. आमच्याकडे छापील मुहूर्ताच्या वेळी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला गेलेला असतो आणि वाजंत्रीपुढे मंडळी नाचत असतात. तसंच चाललं होतं. साडूंनी घड्याळ बघितलं, रिकाम्या मांडवात स्टेजवर अक्षता टाकल्या, एकट्यानं टाळ्या वाजवल्या आणि थेट पंगतीच्या जागी जाऊन बसले. वाढपी म्हणाला, "मालक, लगीन लागायचंय की आजून." साडू म्हणाले, "पत्रिकेत लागलं. आता तुमच्याकडं कवा लागायलंय ते तुमी बघा." आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी गरम भात फक्त त्यांनाच मिळाला. आम्ही जेवलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं.

अशा माणसाच्या हाती प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमानं-जहाजं करायचं खोकं पडलं, हा दैवयोगच म्हणायचा. तो घडवून आणला आमच्या मेहुण्यानं. आमच्या दोघांच्या बायकांचा हा एकुलता धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेल्यामुळे तो पालमला आक्कांपाशीच वाढला. लहानपणी साडूंनी त्याला कुठल्याशा अंकात छापलेल्या कृतीबरहुकूम आकाशकंदील करून दिला होता. कामट्या कमी पडल्यामुळे कंदील बसका झाला, पण कृतीत तसूभर चूक नव्हती. पुढे पोरगा आखातात नोकरीला गेला. तिथल्या दुकानात अशी खोकी बघून त्याला तो कंदील आठवला असावा. चुडाव्याचा एक माणूस त्याच्याच कंपनीत होता. तो सुट्टीवर आला की एक खोकं पालमला पोचतं करी. नामांतराच्या बंदात एसटी अडकून पडली तरी खोकं आज ना उद्या येई.

खोक्यात सुट्या भागांबरोबर एक घडी घातलेला छापील कागद असे. त्यावर आकडे, बाण, चित्रं आणि जपानी मजकूर. साडू सकाळी आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, पाटावर तो कागद उघडत आणि समोर मांडी घालून बसत. एकेका चित्राला ते अध्याय म्हणत. अध्याय अर्ध्यात सोडायचा नाही, हा पोथीचा नियम त्यांनी इथंही लावला होता. मध्येच कुणी हाक मारली, की लावलेले भाग पुन्हा सोडवून अध्याय पहिल्यापासून सुरू. डाव्या हाताचं बोट चित्रावर ठेवायचं आणि उजव्या हातानं चिकटवायचं. एकदा बोट चित्रावर असताना दारात पाहुणे आले, तर हे बोट न हलवता मानेनंच "या, बसा" म्हणाले. विमान तयार झालं की ते गल्लीतल्या पोरांना देऊन टाकत. कागद मात्र ट्रंकेत, धुतल्या फडक्यात. मी एकदा चिडवलं, "साडूभाऊ, लोक आंबा खातात नि कोय टाकतात. तुमचं उलटंच." ते म्हणाले, "इमान मोडलं तर कागदावरनं पुन्यांदा करता येतंय. कागद हरवल्यावर काय करता?" 

खोकी येत राहिली, पण मेहुणा येईना. दर वर्षी दिवाळीला येतो म्हणे आणि दर वर्षी रजा नामंजूर होई. भाऊबीजेला भाऊ जवळ नसला की आमच्याकडे बाया चंद्राला ओवाळतात. आक्का अंगणात उभ्या राहून ओवाळत आणि ढग असले तर बराच वेळ उभ्या राहत. कधी कुरकुर केली नाही. "त्याचं तिकडं बरं चाललंय, ह्येच लय झालं," एवढंच म्हणत. पण ताम्हण खाली ठेवताना त्यांचा चेहरा बघवत नसे.

मग एका वर्षी पावसाळ्यात मोठं खोकं आलं. आत शिडाचं जहाज होतं आणि एक व्हिडिओ कॅसेट. बरोबरच्या चिठ्ठीत मेहुण्यानं लिहिलं होतं, की यंदाही जमत नाही, म्हणून तेच जहाज इथं खोलीवर जोडताना मित्राकडून शूटिंग करून घेतलंय, दाजी, आता कागदाची गरज नाही, बघून बघून करा. साडूंना हे अपमानासारखं वाटलं. तरी घरच्या टीव्हीला जोडायला बाजारातल्या पोराकडून व्हिडिओ भाड्यानं आणला. व्हिडिओ आला म्हटल्यावर गल्ली गोळा झाली, आम्ही दोघंही गेलो होतो. पडद्यावर हाणामारी सुरू होईल म्हणून पोरं पुढे सरकून बसली, आणि बनियनवर बसलेला आमचा मेहुणा एका काडीला डिंक लावताना दिसला. थोड्या वेळानं गल्ली उठून गेली. साडू मात्र हैराण. हे एक भाग शोधेपर्यंत पडद्यावरचा मेहुणा दोन भाग लावून पुढे गेलेला. थांबवायचं बटण दाबलं तर चित्रावर आडव्या रेघा. "अरे थांब की जरा!" असं ते पडद्यावर ओरडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्याच्यावर बोट ठिवता येत न्हाई हो साडूभाऊ. बोट ठिवता येत न्हाई त्याला काय वाचायचं?"

आक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. जहाजाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "किती वाळलाय," म्हणाल्या. थोड्या वेळानं, "केस पिकायलेत की ह्याचे." कॅसेट संपली तरी त्या तिथंच होत्या. माझी बायको म्हणाली, "आक्का, पुन्हा लावायची का?" तर चटकन आत वळत म्हणाल्या, "कामून? माझ्यासाठी उगं खर्च नगं. तेवढा व्हिडिओ परत करून या."

त्यानंतर आमच्या साडूंची बुद्धी मंदावली. जपानी कागदावरनं विमानं उडवणारा हा माणूस स्वतःच्या मेहुण्यानं मराठीत सांगितलेलं विसरू लागला. दर बाजाराच्या दिवशी व्हिडिओ घरी येई. "ती मधली डोलकाठी कशी लावली त्यानं, ध्यानात ऱ्हाईना," असं आक्कांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत आणि कॅसेट पहिल्यापासून लावत. अध्याय मोडला ना! मी परभणीहून जाई तेव्हा हमखास विचारी, "काय साडूभाऊ, जहाज कुठवर आलं?" ते म्हणत, "मधल्या डोलकाठीपाशी." दसरा गेला, जहाज तिथंच. मला वाटलं, वय झालं यांचं.

त्या भाऊबीजेला आम्ही दोघं पालमला गेलो. व्हिडिओ आणून ठेवलेला होता. जहाज टेबलावर होतं. पुढची काठी उभी, मागची उभी, मधली आडवी पडलेली. बायका आत ताम्हण तयार करत होत्या. मी म्हटलं, आज यांची डोलकाठी आपणच लावून टाकू. डिंकाची नळी शोधायला खोक्यात हात घातला, तर तळाशी पुठ्ठ्याखाली कागद लागला. छापील. आकडे, बाण, चित्रं, सगळं जागच्या जागी. मी आनंदानं ओरडलो, "अहो साडूभाऊ, कागद आहे की यात! छापील कागद!"

आक्का ताम्हण घेऊन दारात आल्या होत्या. साडूंनी माझ्याकडे पाहिलं, आक्कांकडे पाहिलं. कागद माझ्या हातातून घेतला. त्यांना तो नवीन नव्हता. कोणत्या बाजूनं उघडायचा ते त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. वरून खाली एकदा बघितला, घडी घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं म्हणाले, "चुकीचं छापलंय त्ये."

मग त्यांनी कॅसेट लावली. पडद्यावर मेहुणा म्हणाला, "दाजी, आता मधली डोलकाठी. जपून, हां." साडूंनी बटण दाबलं. कपाळावर आडव्या रेघा घेऊन मेहुणा थांबला. "लई वेळ थांबत न्हाई त्यो," साडू खाली बघत म्हणाले, "तेवढ्यात घ्या उरकून." आक्का पुढे झाल्या. कुंकवाचं बोट काचेवर टेकवलं तेव्हा काचेवरच्या विजेचं बारीकसं चर्र झालं. मग अक्षता लावल्या, आणि ओवाळलं. पाठोपाठ माझ्या बायकोनं ओवाळलं. त्या दिवशी चंद्र होता की नव्हता, ते कुणी बाहेर जाऊन बघितलं नाही.

काचेवरचा तो टिळा साडूंनी कितीतरी दिवस पुसू दिला नाही. त्यामुळे पालमच्या त्या घरात बातम्या सांगणाऱ्या माणसाच्या कधी कपाळाला, कधी गालाला कुंकू लागलेलं असे. आलेगेले हसत. साडू मात्र समोर पाटावर बसून गंभीरपणे बातम्या ऐकत, आणि बाजूला ते जहाज मधल्या डोलकाठीची वाट बघत उभं असे.