पडदा बोलायला लागला

निपाणीत तंबाखूचा हंगाम आला की गावाबाहेर सिनेमाचा तंबू लागायचा. पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणं हा माझा धंदा. सिनेमा मुका. मधेच अक्षरं उमटायची, पण ती वाचणारे खुर्चीवर बसत आणि खुर्च्या थोड्याच होत्या. जमिनीवरच्या लोकांना मी मराठीत सांगायचो, मग तेच कानडीत. राजा नुसते ओठ हलवायचा. अक्कल त्याला मी द्यायचो. रीळ कंटाळवाणं असलं तर राणीच्या तोंडी पाटलाची थट्टा घालायचो. राणीची कधी तक्रार आली नाही. शेजारी एक आप्पा पेटी वाजवत.

मग बोलपट आला. आमचे मालक चिकोडीकडचे जैन व्यापारी, धान्य विकता विकता सिनेमात शिरलेले. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"आता पडदाच बोलतोय. तुमी गप बसा."

"आणि लोकास्नी समजलं न्हाय तर?" मी विचारलं.

"बोलतोय म्हटल्यावर समजतंय की!"

पहिल्या खेळाला मी तिकीट काढून बसलो. पडदा हिंदीत बोलत होता, तेही नाकातून. नायक जखमी होऊन पडला आणि पडल्या पडल्या त्यानं भाषण सुरू केलं. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी ओरडली, "अरं, मेला का न्हाय त्यो? सांगणारा कुठं गेला?"

मला राहवेना. "न्हाय गं आक्का! मरायच्या आधी सगळ्यास्नी शिव्या द्यालाय!"

तंबू खदाखदा हसला. मालक धावत आले, पण लोकच ओरडले, "सांगू दे त्याला!" मालकांनी कपाळावर हात मारला आणि मला स्टूल दिलं.

मी फुगलो. नायिका गायला लागली तरी माझं चालूच. मग शेंगांची टरफलं अंगावर आली. "गाणं ऐकू दे की रं!" तेव्हापासून ठरलं: पडदा गायला की मी गप, बोलला की मी त्याच्या वरचढ.

पेटीवाल्या आप्पांनी बोलपटाला लई शिव्या घातल्या. थोड्याच दिवसांत त्यांच्या भजनी मंडळात विठोबाची आरती सिनेमाच्या चालीवर सुरू झाली. विचारलं तर म्हणाले, "चाल देवाचीच हाय. सिनेमावाल्यांनी चोरली."

माझं स्टूल मात्र फार टिकलं नाही. लोक तोच खेळ परत परत बघत आणि नायकाच्या आधी त्याचं हिंदी वाक्य म्हणून मोकळे होत. मी तोंड उघडलं की, "कळलंय, बस खाली!" शेवटी मालकांनी मला भोंगा देऊन बैलगाडीत बसवलं आणि गावोगाव जाहिरातीला धाडलं. हे काम मला फार मानवलं. गाडीत पडदा नव्हता. खरंखोटं ताडून बघायची कुणाला सोयच नव्हती.

एका गावाला मी हत्ती कबूल केला. खेळात हत्ती नव्हता. खेळ संपला तरी ते लोक उठेनात. मालकांनी मला पुढं ढकललं.

"हत्तीचं रीळ बेळगावात अडकलंय," मी बेधडक सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव पुन्हा तिकीट काढून हजर. मालक माझ्या कानात म्हणाले, "आता हत्ती तुझा बा आणतोय का रं?"