इथला पाऊस, तिथला बर्फ

"इथे भिजलं की समजायचं, दोन-तीन दिवसांत तिकडे बर्फ," शैलेंद्र नेहमी म्हणायचा. दुबईत हिवाळी पाऊस आला की अल मनखूलमधल्या घराच्या गॅलरीत उभा राहून काश्मीरच्या दिशेला बोट दाखवायचा. भूमध्य समुद्रावरून निघालेलं आभाळ इथल्या वाळूवर थोडं सांडतं आणि उरलेलं हिमालयात जाऊन पांढरं होतं, हे त्याने बायकोला, सुजाताला, लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं.

सुजाताने बर्फ पडताना कधी पाहिला नव्हता. आणि आता तिची नजर कडेकडून मिटत चालली होती. डॉक्टर म्हणाले, दिसेल ते फार तर दोन हिवाळे.

शैलेंद्र दुबईपासून दूर, रुवैसच्या रिफायनरीत इंजिनिअर. घरी यायचा तो सुट्टीपुरता. रजेच्या तारखा सप्टेंबरातच द्याव्या लागत. बर्फ कधी पडेल यावर त्याने मिळेल ते वाचून काढलं. दूर प्रशांत महासागराचं पाणी तापलं होतं, एल निनोचं वर्ष होतं, आणि अशा वर्षी पश्चिमेचे वारे बहुधा जोर धरतात. त्याने जानेवारीचा मधला आठवडा मागितला.

मुलगी केया म्हणाली, "बाबा, इट्स ओन्ली अ चान्स."

"चान्स नाही गं, पॅटर्न आहे."

जानेवारीत ते काश्मीरला पोचले तेव्हा गुलमर्गचे डोंगर तपकिरी होते. घोडेवाले वाळल्या गवतावर ऊन खात बसलेले. वारे उत्तरेकडूनच निघून गेले होते. सुजाता त्या गवतावरून हात फिरवत राहिली. ते परतले, आणि आठवड्याने तिकडे बर्फ पडला.

पुढल्या वर्षी महासागर गार झाला. शैलेंद्रने पुन्हा वाचलं, रजा फेब्रुवारीत नेली. पुन्हा गवतच.

यंदा सुजाताची नजर पुरती गेली. रजा त्याने मागितलीच नाही.

आणि एका रविवारी, तो रुवैसला निघायच्या वेळी, पाऊस आला. गॅलरीत दोघं उभी होती. सुजाताने कठड्याबाहेर तळहात धरला. बराच वेळ वाट पाहून म्हणाली, "आज तू बर्फाचं बोलला नाहीस."

"दाखवू कुणाला?"

बोलून गेल्यावर त्याने तिच्या ओल्या हातावर क्षणभर हात ठेवला, बॅग उचलली आणि जिना उतरला.

छत्री न घेताच तो चालू लागला. शेजारच्या गॅलरीतून शेजारीण जैनब त्याला कोपऱ्यापर्यंत पाहत होती. सुजाताही पाहत असल्यासारखी उभी होती, पण तिचा चेहरा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे होता. तो त्या बाजूला नाही, हे जैनब सांगणार होती, पण तिने सांगितलं नाही.