पितळी झाकण

ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला, तेव्हा मी ट्रॉलीत शेणखतावर बसलो होतो. पस्तीस वर्षं पारोळ्यात गॅरेज चालवलं, पण गिऱ्हाइकाच्या शेणखतावर बसून टेस्टिंग करायची वेळ पहिल्यांदाच आली.

नाना स्टिअरिंगवर. वय शहात्तर. ट्रॅक्टरचं वय पन्नासच्या आसपास. दोघांत कोण जास्त कुरकुरतं ते सांगणं अवघड. नाना मागं वळले आणि म्हणाले, “घे. झालं तुझं समाधान?”

मुळात हा ट्रॅक्टर मीच उभा केला होता. भडगावकडच्या त्यांच्या मळ्यात तो चिंचेखाली पडून असायचा. चालायचा, पण धूर इतका की नाना येताहेत हे गावाला अर्धा मैल आधी कळायचं. दोन महिने माझ्या गॅरेजमध्ये होता. लायनर-पिस्टन नवे टाकले, नोजल सेट केले, वायरिंग पूर्ण बदललं, पत्रा ठोकून रंग दिला. डिझेलच्या टाकीला झाकणच नव्हतं. नानांनी चिंधीचा बोळा कोंबून वर करवंटी ठेवली होती. मला ते बघवेना. धुळ्याच्या लेथवाल्याकडून पितळेचं झाकण बनवून घेतलं, पॉलिश केलं. बॉनेटच्या मधोमध असं झळकायचं की बस. चिंधी नि करवंटी मी नानांच्या देखत उकिरड्यावर टाकली. वर म्हणालो, “नाना, इतकी वर्षं हे असं चालवलंत?”

हे वाक्य लक्षात असू द्या. मला ते नंतर परत ऐकायचं होतं.

ट्रॅक्टर घरी गेला. आठ दिवसांत नानांचा फोन. “दीड तास चालतो नि बसतो.”

मी गेलो. माझी एक सवय आहे. कुठलंही डिझेल इंजिन असो, आधी टाकीचं झाकण उघडायचं, काडी घालून डिझेल बघायचं. कारण निम्मी गिऱ्हाइकं डिझेल संपलेलं असतानाच मिस्तरीला बोलावतात. डिझेल भरपूर होतं. स्टार्टर मारला, एका दमात सुरू. तरी फिल्टर बदलला. एक फेरी मारली, मस्त चालला. मी परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

दुसऱ्या वेळी पाइपातली हवा काढली. डिझेलच्या पाइपात हवा शिरली की पंप डिझेल ओढायचं सोडून हवाच ओढत बसतो, म्हणून ती काढावी लागते. तिसऱ्या वेळी फीड पंप खोलला. हा पंप टाकीतलं डिझेल पुढं ढकलतो. त्यात काहीच बिघाड नव्हता, पण रिकाम्या हातानं कसं परतायचं म्हणून वॉशर बदलले. दर वेळी तेच. मी असलो की चालू, मी पारोळ्याला पोचलो की बंद.

नानांच्या पत्नी अक्का ओट्यावर बसून हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, “भो, तू उना का चालस, तू गया का बंद पडस. आठेच राही जाय.”

त्यांचा मुलगा विलास लगेच म्हणाला, “मिस्तरी, खोली रिकामी करू का? पंखा आहे.”

विलास हसत होता, पण त्याच्या डोक्यात हिशेब पक्का होता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर नवा ट्रॅक्टर घरी येणार होता, आणि जुना एक्सचेंजमध्ये जाणार होता. “मिस्तरी, आखाजीपर्यंत हा एक दिवस जरी न थांबता चालला, तर एक्सचेंज रद्द. मी शब्द देतो. पण नाही चालला तर तुम्हीच आबांना समजवायचं.” नानांना घरची मुलं आबा म्हणतात.

आखाजीला चार दिवस राहिले होते. नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, “नव्याची चावी विलासच्या खिशात राहणार. त्याचं बरोबर आहे, मी म्हातारा आहे. पण हा गेला म्हणजे मीसुद्धा ओट्यावर गेलो असं समज.” एवढं बोलून ते बैलांना वैरण टाकायला गेले. मला फार वाईट वाटलं. चूक माझ्या हातची की नशिबाची, तेही कळत नव्हतं.

म्हणून मी ठरवलं, आज कशालाही हात लावायचा नाही. झाकण उघडायचं नाही, काडी घालायची नाही. नुसतं मागं ट्रॉलीत बसायचं. सकाळपासून खताच्या फेऱ्या सुरू झाल्या. दीड तास झाला, इंजिन दोनदा उचकी दिल्यासारखं अडखळलं आणि बंद.

मला आतून आनंद झाला, खोटं कशाला बोलू! पहिल्यांदाच माझ्यासमोर बंद पडला होता.

उतरलो. हात सवयीनं झाकणावर गेला. झाकण फिरेना. रुमाल गुंडाळून जोर लावला तसं निघालं, आणि आत ‘सूंऽऽ’ असा आवाज आला. टाकीनं हवा आत ओढून घेतली. आधीच्या तिन्ही वेळी मी अंगणात झाकण उघडलं, तेव्हा शेजारी पिठाची गिरणी धडधडत होती. शेतात शांतता होती म्हणून ऐकू आलं.

आता हे नीट सांगतो. घरी पाण्याचा वीस लिटरचा कॅन असतो ना, त्याचं झाकण घट्ट लावून तोटी सोडा. थोडा वेळ धार येते, मग थांबते. झाकण सैल केलं की पुन्हा येते. डिझेलच्या टाकीचं तसंच. डिझेल खाली गेलं की वरून हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला सुईएवढं भोक ठेवतात. मीही ठेवलं होतं. लेथवाल्याला तीनदा बजावून पाडून घेतलं होतं.

झाकण उन्हाकडं धरलं. उजेड दिसेना. वरून पाहिलं तर बरोबर मधोमध लालभडक कुंकू, रुपयाएवढं. बांधावरच्या बाभळीचा काटा मोडून टोचला, तर काट्याला लाल मेण लागून आलं.

मेण! अक्का अजून जुन्या पद्धतीनं कपाळाला आधी मेण लावतात, मग त्यावर कुंकू. म्हणजे ते पुसलं जात नाही. ट्रॅक्टर नवा होऊन आला, तसं त्या रोज सकाळी त्यालाही लावू लागल्या. नुसतं कुंकू वाऱ्यानं उडतं, म्हणून खाली मेण. आणि मी दर वेळी झाकण उघडून सगळं इंजिन तपासलं, हातातलं झाकण सोडून. मी स्वतः करून घेतलेली वस्तू ती, तिच्यावर कशाला संशय घेऊ?

“अक्कांना कोण सांगणार?” मी विचारलं.

नाना म्हणाले, “तू सांग. चोपन्न वर्षांत मी तिला तिची चूक सांगितलेली नाही. आता सुरुवात करत नाही.”

मी ओट्यापुढं उभा राहिलो आणि चाचरत सगळं सांगितलं. अक्कांचा चेहरा उतरला. “म्हणजे मन्हा कुंकूमुये बंद पडे? यास्नी काळजी वाटस माले, म्हणीसन लावस. या वयमा ट्रॅक्टरवर बसतस.” त्यांचे डोळे भरून आले. नाना जोड्यातला खडा शोधू लागले.

मग अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं पाहिलं. “तीन डाव झाकण उघाडं तू. इतलं लाल कुंकू दिखनं नही तुले?”

विलास मोठ्यानं हसला. नानांनी संधी साधली. “आणि चिंधी होती तेव्हा एकदाही बंद पडला नव्हता. मिस्तरी, इतकी वर्षं तू हे असंच चालवलंस?”

मी कान पकडले.

पुढचे तीन दिवस ट्रॅक्टर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालला. विलासनं शब्द पाळला. एक्सचेंज रद्द करून आला, आणि नवा पुढच्या वर्षी बघू म्हणाला.

आखाजीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. लेकी माहेरी आलेल्या, अंगणात झोका बांधलेला. अक्कांनी मेणाची डबी घेतली आणि बॉनेटच्या पुढच्या पत्र्यावर कुंकू लावलं. लावण्याआधी पत्र्यावरून बोट फिरवून बघितलं, कुठं भोक तर नाही ना. मग माझ्याकडं वळल्या आणि माझ्या कपाळावरही तसंच बोट फिरवलं.

तेव्हापासून जुना ट्रॅक्टर गॅरेजला आला की ‘डिझेल आहे का’ हा माझा दुसरा प्रश्न असतो. पहिला असतो, ‘घरी पूजा कोण करतं?’