हवे असल्यास मागावे

सगुणच्या जाण्याने एक युग संपलं... वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेसाठी हे वाक्य मीच लिहून दिलं. खरं तर ते युग सगुणच्या आधी नऊ-दहा वर्षं संपलं होतं, पण चौकटीत तेवढी जागा नव्हती. त्याच्या थोरल्या मुलाचा सकाळी फोन आला. ‘बाबा गेले’ म्हणाला आणि पाठोपाठ, ‘मास्तर, चार ओळी बऱ्याशा...’ त्या घरची सगळी भारदस्त मराठी माझ्याकडून जायची: भाषणं, निमंत्रणं, पाट्या. त्यातल्या एका पाटीबद्दल सांगायचं राहिलं आहे.

मी डिचोलीच्या शाळेत शिकवायला लागलो तेव्हा गोव्याच्या मुक्तीनंतर वाढलेल्या लोहखनिजाच्या खाणींवर सावंतवाडी-कुडाळकडची माणसं ट्रक चालवत होती. पेडण्याहून आलेल्या सगुणने त्यांच्यासाठी रस्त्याकडेला पत्र्याखाली खानावळ घातली. उकडा भात, बांगड्याचं हुमण म्हणजे नारळाचा रस्सा, सोलकढी. हुमणाची बादली घेऊन सगुण स्वतः बाकांमधून फिरायचा. ताट कोरडं पडायच्या आत त्याची पळी पोचलेली असायची. कोणी ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून ओतायचा.

“सगुणानू, पुरो रे! हात भाजलो मरे!” आत्माराम नावाचा कुडाळचा ड्रायव्हर ओरडायचा.

“मगे हात काढ. पुरो म्हणणारो अर्धोच जेवलेलो आसता.”

साखळी, फोंडा, म्हापसा, पेडणे अशा आणखी चार शाखा निघाल्या. दर वेळी फीत, समई आणि माझं भाषण, त्यात अन्नपूर्णेचा वरदहस्त ठरलेला. नव्या सफारीत सगुण पाहुण्यांशेजारी उभा राहायचा आणि हातांचं काय करावं हे त्याला कळायचं नाही. मग पुण्याहून एक सल्लागार आला. मालकाने बादली घेऊन फिरणं शोभत नाही, म्हणाला. शिवाय एक माणूस पाच ठिकाणी फिरू शकत नाही. यातलं दुसरं खरं होतं. हुमण वाटीत आलं आणि भिंतीवर पाटी लागायची ठरली. सल्लागाराचा मजकूर होता, ‘एक्स्ट्रा रस्सा मागून घ्या.’ मला तो उद्धट वाटला. मी सुधारून दिलं: ‘हवे असल्यास निःसंकोच मागावे.’ माझं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं वाक्य ते हेच.

कोणी मागितलं नाही. आमच्याकडे दुसऱ्यांदा भात वाढायचा असतो, मागायचा नसतो. मागणाऱ्याचं नाव गावभर होतं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तरी मी फक्त वाक्य नीट केलं. वाटी संपली की माणसं उरलेला भात कोरडाच गिळून उठायची. तक्रार नाही, भांडण नाही. हळूहळू ती शिरगावच्या रस्त्यावर एक बाई झोपडीत जेवण वाढायची, तिच्याकडे वळली.

आत्माराम तिथेच भेटला. मी विचारलं, सगुणकडे का येत नाहीस?

“मागान खाऊक मिया काय भिकारी, मास्तरानू?”

“अरे, पाटी लिहिलीय ना तिथे.”

“ती वाचलंय. म्हणानच उठलंय.”

हे मी सगुणला सांगितलं नाही. पाटी माझी होती. डिचोलीची बाकं ओस पडली, डिचोलीच्या जोरावर उभ्या असलेल्या शाखा डळमळल्या, आणि मग खाणी बंद झाल्या. ट्रक अंगणांत गंजू लागले. सगुणला एक सन्मानाचं कारण मिळालं. एकेक शाखा मिटत शेवटी पेडण्याचीही मिटली आणि तो तिथल्याच आपल्या घराच्या सोप्यावर येऊन बसला.

जाण्याच्या तीन आठवडे आधी मी त्याला तिथेच भेटलो. सून पेज ठेवून आत गेली होती. ताटली रिकामी झाली तरी तो हात तसाच तीत ठेवून बसला. मी म्हटलं, “सुनेला हाक मारू?” त्याने नको म्हणून मान हलवली. मग म्हणाला, “मास्तरानू, खरां सांगा. खणी बंद झाल्यो म्हणानच गेलां मा सगळां?”

चाळीस वर्षांत त्याने स्वतःसाठी माझ्याकडे एवढं एकच मागितलं होतं.

“होय,” मी म्हटलं. “खाणीच.”

तो माझ्याकडे बघत राहिला. कोण पोटभर जेवला आणि कोण नुसताच पुरो म्हणतोय, हे तो तोंडावरून ओळखायचा. माझं तोंडही त्याने वाचलं असणार. पुन्हा विचारलं नाही.

बाराव्याला मुलांनी म्हापशाचा केटरर सांगितला होता. अंगणात टेबलं मांडली होती, झाकणांखाली अन्न, ज्याने त्याने घ्यायचं. जुने ड्रायव्हर आले होते, आत्माराम काठी टेकत. एकदा घेतलं, पायऱ्यांवर बसून संपवलं, आणि टेबलाकडे पाठ करून बसून राहिले. मीही त्यांच्यातच होतो. दुपारी केटररने भरलेली पातेली टेम्पोत चढवली आणि मला म्हणाला, पेडण्याकडची माणसं फार कमी जेवतात.