सहा फूट अकरा इंचांचा दरवाजा

वरठीतल्या आमच्या नव्या घराचा पुढचा दरवाजा मी स्वतः माप कळवून मागवला, म्हणून तो आखूड आला.

मिस्त्रीनं माप सांगितलं होतं सहा फूट अकरा इंच. नागपूरच्या दुकानदाराला ते मिलिमीटरमध्ये हवं होतं. बायको सुनंदा म्हणाली, मिस्त्रीलाच त्याच्याशी बोलू द्या. पण मी कारखान्यात दिवसभर मिलिमीटरच मोजतो (हे मी तिला लग्नापासून ऐकवत आलोय). मोबाईलवर ६.११ फूट टाकले. उत्तर आलं अठराशे बासष्ट. कळवून मोकळा झालो. फुटात इंच बारा असतात, म्हणून ६.११ म्हणजे सहा फूट अकरा इंच होत नाहीत, हे त्या क्षणी माझ्या गावीही नव्हतं.

वास्तुपूजनाच्या आदल्या दिवशी दरवाजा आला. सागवानी, कोरीव, देखणा. वर भिडवून धरला की खालून शेजारची मांजर आत यायची. खाली टेकवला की वरून समोरचं किराणा दुकान दिसायचं. दुकानदारानं फोनवर सांगितलं, मापानं कापलेला माल परत होत नाही. मी तोच हिशेब पुन्हा पुन्हा करत बसलो, निदान एकदा तरी उत्तर बदलेल म्हणून.

आईनं दरवाजाकडे बराच वेळ पाहिलं. "पावसात भिजून आटला का रे हा?"

सुनंदानं मिस्त्रीला बोलावून आणलं.

शेवटी मिस्त्री म्हणाला, "भाऊ, दरवाजा त् वाढत नाही. उंबरठाच वाढवून टाकू."

त्यानं विटा रचून जवळपास दहा इंचांचा उंबरठा उभा केला. सकाळी गृहप्रवेश. भटजींचं धोतर ओल्या सिमेंटला घासलं. कलश घेतलेल्या सुनंदाला दोन्ही नणंदांनी धरून पलीकडे उतरवलं. आईला स्टूल द्यावं लागलं. गुडघे दुखणाऱ्या मामेसासऱ्यांना तर आम्ही चौघांनी उचलूनच आत नेलं.

हवेत असतानाच त्यांनी विचारलं, "इतका उंच काहून केला बाप्पा?"

"मिलिमीटरचं माप ह्यांनी काढलं," सुनंदा म्हणाली. "कारखान्यात हेच करतात न हे."

पाहुण्यांमध्ये माझे साहेबही होते.

आता आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी खाली बघून पाय उचलतो, मग मान वर करून मला शोधतो. तोवर मी मागच्या दारानं निघून गेलेला असतो. त्या दाराचं माप मिस्त्रीनंच कळवलं होतं.